कर बाटलीवर, साखरेवर नाही

मागच्या आठवड्यात दवाखान्यात नऊ वर्षांचा एक मुलगा आला होता. वजन सेहेचाळीस किलो. मानेवर मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा पट्टा. आई म्हणाली, "मळ आहे डॉक्टर, कितीही घासला तरी जात नाही." तो मळ नव्हता. शरीरातील इन्सुलिन नीट काम करत नाहीसे झाले की कातडीवर अशी खूण उमटते. खाण्यापिण्याची चौकशी केली तेव्हा आई ठामपणे म्हणाली, "गॅसचं आम्ही त्याला अजिबात देत नाही. आंब्याचंच देतो. फळाचं असतं ना ते!"

वडिलांचे किराणा दुकान आहे. त्यांना म्हटले, ती बाटली घेऊन या. ते लगेच घेऊन आले. मागच्या बाजूची बारीक अक्षरे भिंगातून वाचली. दर १०० मिलिलिटरमागे १३ ग्रॅम साखर. बाटली ६०० मिलिलिटरची. म्हणजे ७८ ग्रॅम. चहाचा चमचा पाच ग्रॅमचा धरला तर पंधरा-सोळा चमचे साखर, आणि मुलगा दिवसाआड एक बाटली संपवतो. आईने पदर तोंडाला लावला. वडील मात्र दुकानदार माणूस. त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. "डॉक्टरसाहेब, हे इतकं वाईट असेल तर सरकारने याचा कर कमी का केला? मागे सप्टेंबरात काळ्या पेयावरचा कर चाळीसच ठेवला आणि आंब्याच्या पेयावरचा बारावरून पाचवर आणला."

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर दवाखान्यात पाच मिनिटांत देता येण्याजोगे नव्हते, म्हणून आजचा लेख.

आधी शरीराचे बघू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत असली तर अधिक चांगले. मोठ्या माणसासाठी हा हिशेब अनुक्रमे सुमारे ५० आणि २५ ग्रॅमचा होतो. लहान मुलांसाठी त्याहून कमी. नेहमीच्या कोला पेयात १०० मिलिलिटरमागे दहा-अकरा ग्रॅम साखर असते. म्हणजे पाव लिटरची एक बाटली प्यायली की चांगला म्हणावा असा दिवसाचा वाटा संपला. शिवाय जेवणातून पोटात गेलेल्या साखरेने पोट भरल्याची जाणीव होते, पेयातून गेलेल्या साखरेने ती होत नाही. मूल बाटली पिते आणि पोळीही तितकीच खाते. साखरेचा निम्मा भाग म्हणजे फ्रुक्टोज. त्याचा बराचसा निपटारा यकृतात होतो, आणि जास्त झाले की तिथेच त्याची चरबी बनते. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसांच्या सोनोग्राफीत आज चरबीयुक्त यकृत दिसते, त्यामागच्या कारणांत हे एक आहे. दातांचे हाल वेगळेच.

दहा रुपयांच्या बाटलीत काय असते?

शीतपेयाचा धंदा मोठा मजेशीर आहे. ज्या कंपनीचे नाव बाटलीवर असते ती कंपनी बहुधा पेय बनवत नाही, ती अर्क बनवते. हा अर्क ती ठिकठिकाणच्या बाटलीवाल्या कारखान्यांना विकते. पाणी, साखर आणि वायू घालून बाटल्या भरणे, ट्रक पळवणे, दुकानदाराला उधारी देणे ही सारी मेहनत बाटलीवाल्याची. अमेरिकेत १८९९ साली चॅटनूगा गावच्या दोन वकिलांनी कोका-कोला बाटलीत भरून विकण्याचे हक्क मिळवले, ते अवघ्या एका डॉलरच्या बोलीवर! तेव्हापासून हीच पद्धत जगभर पसरली. त्यामुळे मूळ कंपनीला थोड्या भांडवलात देशोदेशी पोहोचता येते.

आता आपल्याकडची दहा रुपयांची २०० मिलिलिटरची बाटली घ्या. चाळीस टक्के कर धरला तर त्यातले पावणेतीन-तीन रुपये सरकारचे. साखर वीस-एकवीस ग्रॅम. किलोला ४०-४५ रुपये भाव धरला तरी ती एक रुपयाच्या आतबाहेर. बाकीचे पैसे बाटली, वाहतूक, दुकानदाराचा नफा आणि जाहिरात यांचे. बाटलीत भरलेल्या मालात साखरेपेक्षा स्वस्त असे फक्त पाणीच. म्हणून साखर कमी करायची घाई कंपनीला आपणहून होणे कठीण. सरकारने तसे कारण दिले तरच ती होते.

दुसरी गंमत फ्रीजची. आमच्या या दुकानदार गृहस्थांच्या दुकानात काचेच्या दाराचा जो फ्रीज आहे तो त्यांनी विकत घेतलेला नाही, कंपनीने ठेवला आहे. अट एकच : त्यात कंपनीच्याच बाटल्या ठेवायच्या. "मी ताकाची पाकिटं ठेवली तर माणूस येऊन बाहेर काढायला लावतो," असे ते म्हणाले. त्यामुळे ताक थर्माकोलच्या खोक्यात, आणि शीतपेय दिव्यांच्या झगमगाटात. उन्हातून आलेले गिऱ्हाईक कशाकडे हात करणार?

ही तक्रार आपल्याकडचीच नाही. युरोपीय आयोगाने २००५ साली कोका-कोलाकडून बंधनकारक हमी घेतली, की ज्या दुकानात दुसरा थंड फ्रीज नसेल तिथे दुकानदाराला कंपनीच्या फ्रीजमधील वीस टक्क्यांपर्यंत जागा दुसऱ्या कुणाचाही माल ठेवायला वापरता येईल. मेक्सिको शहरात तर एका छोट्या दुकानदार बाईने कमालच केली. तिने एक स्वस्त, नवे कोला पेय दुकानात ठेवले म्हणून तिला दटावण्यात आले, की ते काढ, नाहीतर आमचा माल मिळणार नाही. तिने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २००५ साली कंपनीला आणि तिच्या बाटलीवाल्यांना मिळून सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरचा दंड झाला.

मेक्सिको : पेसोला एक धडा

मेक्सिकोचे उदाहरण थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण तो देश अनेक बाबतींत आपल्यासारखा आहे. ऊस पिकवणारा, गोडाची आवड असणारा, आणि मधुमेहाने बेजार झालेला. पिण्याचे स्वच्छ पाणी जिथे भरवशाचे नाही अशा गावांतही थंड बाटली हमखास मिळते. तिथे २००० ते २००६ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेले व्हिसेंते फॉक्स हे त्याआधी कोका-कोलाच्या मेक्सिकोतील कंपनीचे प्रमुख होते. या धंद्याचे वजन किती, ते यावरून कळावे.

तिथे शीतपेयावर पहिला गाजलेला कर बसला तो २००२ साली, आणि तो आरोग्यासाठी नव्हताच! अमेरिकेतून येणारे मक्याचे स्वस्त गोड पाक वापरून पेये बनू लागली आणि ऊस उत्पादक अडचणीत आले. म्हणून उसाच्या साखरेखेरीज दुसरे काही वापरून गोड केलेल्या पेयांवर वीस टक्के कर लावला. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली, मेक्सिको हरला आणि कर मागे घ्यावा लागला. उसाच्या पट्ट्यातील आपल्या वाचकांना ही हकीकत परकी वाटणार नाही.

आरोग्यासाठीचा कर आला तो १ जानेवारी २०१४ पासून. साखर घातलेल्या प्रत्येक पेयावर लिटरमागे एक पेसो. त्यामुळे भाव साधारण दहा टक्क्यांनी वाढला. वायू आहे की नाही, फळाचे चित्र आहे की नाही, हे कुणी विचारले नाही. साखर घातली ना, मग कर भरा. पहिल्या वर्षी अशा पेयांची खरेदी सरासरी सुमारे सहा टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी साडेनऊ टक्क्यांच्या वर घटल्याचे संशोधकांना आढळले. गरीब घरांत घट अधिक होती. बाटलीबंद पाण्याची विक्री वाढली. गरिबांवर कराचा बोजा पडतो हा आक्षेप खोटा नाही. पण मधुमेहाने पाय कापावा लागण्याचा बोजाही गरिबांवरच जास्त पडतो, हे मी रोज पाहतो.

मेक्सिको तिथे थांबला नाही. २०२० च्या ऑक्टोबरपासून जादा साखर असलेल्या बाटलीवर समोरच्या बाजूला काळा अष्टकोनी इशारा छापणे सक्तीचे झाले. अक्षर न वाचता येणाऱ्या आजीलाही तो काळा ठिपका दिसतो. ही कल्पना मूळ चिली देशाची, तिथे ती २०१६ पासून आहे. आणि २०२६ च्या सुरुवातीपासून मेक्सिकोने तो एक पेसोचा कर वाढवून तीन पेसोंच्या वर नेला आहे.

ब्रिटनची युक्ती

ब्रिटनने वेगळी चाल खेळली, आणि माझ्या मते ती अधिक हुशारीची. २०१६ च्या मार्चमध्ये जाहीर केले की कर लागेल, पण दोन वर्षांनी, म्हणजे एप्रिल २०१८ मध्ये. आणि तोही पायऱ्यांनी. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही. ५ ते ८ ग्रॅमला लिटरमागे १८ पेन्स, ८ ग्रॅमच्या वर २४ पेन्स. म्हणजे कंपन्यांना सांगितले, की बाबांनो, तुम्हाला वेळ दिला आहे, साखर कमी करा आणि सुटा.

तसेच झाले. कर सुरू होण्याच्या आतच अनेक कंपन्यांनी कृती बदलल्या. स्कॉटलंडमधील आयर्न-ब्रू नावाच्या लाडक्या नारिंगी पेयात दहा ग्रॅमच्या वर साखर होती, ती पाचच्या खाली आली. तेव्हा तिथल्या शौकिनांनी जुन्या चवीच्या बाटल्यांचे खोके घरात साठवून ठेवले! कोका-कोलाने आपली मूळ कृती बदलली नाही, ती कर भरते. २०१५ ते २०१९ या काळात कराच्या कक्षेतील पेयांमधील साखरेचे सरासरी प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक घटले. आणि विक्री? ती घटली नाही, उलट वाढली. कर लावला की कारखाने बंद पडतील आणि कामगार रस्त्यावर येतील, ही ओरड त्या देशात तरी खरी ठरली नाही. सुरुवातीला सूट मिळालेल्या गोड दूधपेयांनाही २०२८ पासून कक्षेत घेण्याचे आणि ५ ग्रॅमची मर्यादा ४.५ वर आणण्याचे तिथल्या सरकारने जाहीर केले आहे.

यात एक मेख आहे. साखर काढली की तिथे बहुधा कृत्रिम गोडी घालतात. वजन कमी करण्यासाठी अशा गोडीवर विसंबू नका, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिला. माझ्या मधुमेही रुग्णांनी कधीमधी असे पेय घेतले तर मी रागावत नाही. पण मुलांच्या जिभेला सतत गोडाचीच सवय लावणे मला पसंत नाही.

सगळीकडे सरकारचीच सरशी झाली असेही नाही. न्यूयॉर्क शहराने २०१२ साली उपाहारगृहांतील गोड पेयाचा पेला सुमारे पाऊण बाटलीपेक्षा, म्हणजे ४७५ मिलिलिटरपेक्षा, मोठा नसावा असा नियम केला. न्यायालयाने तो रद्द ठरवला. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने २०१४ साली मतदान घेऊन कर लावला, तेव्हा आजूबाजूची शहरेही तयार झाली. मग उद्योगाने असा दबाव आणला, की २०१८ साली राज्यानेच २०३१ पर्यंत नव्या स्थानिक करांना मनाई केली. डेन्मार्कमध्ये लोक सीमा ओलांडून जर्मनीतून खोके आणू लागले, आणि कित्येक दशकांचा जुना कर २०१४ साली रद्द झाला.

आपल्याकडे

आपल्या देशाने शीतपेयांशी झुंज कमी दिलेली नाही, पण ती बहुतेक वेळा आरोग्यापेक्षा दुसऱ्याच कारणांनी. १९७७ साली जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना परकी भांडवलाच्या कायद्यावरून कोका-कोला देश सोडून गेली. सरकारने म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेकडून कृती घेऊन 'डबल सेव्हन' काढले. ते चालले नाही. थम्स अप आणि कॅम्पा कोला मात्र चालले. जाणत्या वाचकांना गोल्ड स्पॉटची नारिंगी जीभ आठवत असेलच. १९९० मध्ये पेप्सी बाजारात आली, १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि येताच थम्स अपसह पारले कंपनीच्या पेयांची नावे विकत घेतली. दहा वर्षांनी पाच रुपयांची छोटी बाटली निघाली आणि थंडा खेड्यात पोहोचला. २०२३ पासून रिलायन्सने कॅम्पाला दहा रुपयांत पुन्हा उतरवले आहे. भावाची ही लढाई गिऱ्हाइकाला बरी वाटते, यकृताला नाही.

एका गोष्टीत आपण अमेरिकेच्या पुढे होतो. लिंबू-संत्र्याच्या पेयाला गढूळपणा यावा म्हणून घालण्यात येणारे ब्रोमीनयुक्त तेल आपण १९९० साली बंद केले. अमेरिकेने ते २०२४ साली बंद केले. २००३ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने बारा पेयांत कीटकनाशकांचे अंश दाखवले तेव्हा संसदेची संयुक्त समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष शरद पवार होते. २००४ च्या फेब्रुवारीत समितीने केंद्राचे निष्कर्ष उचलून धरले. ते वादळ मोठे होते. पण त्या गदारोळात बाटलीतल्या साखरेबद्दल कुणी फारसे बोलले नाही.

आता कराकडे येऊ. २०१७ च्या जुलैपासून वायुयुक्त पेयांवर २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के झाला. एवढा कर फार थोड्या देशांत असेल. पण तो साखरेच्या प्रमाणावर नाही. १०० मिलिलिटरमध्ये अकरा ग्रॅम साखर असो, चार असो की मुळीच नसो, दर चाळीसच. मग कारखानदाराने साखर कमी का करावी? ब्रिटनमध्ये त्याला त्याचा लाभ मिळतो, इथे काहीच मिळत नाही. उलट वायू नसलेले, फळाचा गर किंवा रस घातलेले पेय ५ टक्क्यांच्या गटात. त्यात रस किती असावा लागतो? नियमाने किमान दहा टक्के. उरलेल्यात मुख्यतः पाणी आणि साखर. शेतकऱ्याच्या आंब्याला गिऱ्हाईक मिळावे हा हेतू चांगला आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण कराच्या यादीत आंबा म्हणून सवलत मिळालेली वस्तू आईच्या मनातही फळ म्हणूनच जाते. आमच्या दुकानदार गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

समोर मोठा इशारा छापण्याचा प्रस्ताव आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली मसुद्याच्या रूपात मांडला, तोही ताऱ्यांच्या मानांकनाचा. काळ्या अष्टकोनासारखा रोखठोक नव्हे. शाळेच्या आवारात आणि आवारापासून पन्नास मीटरपर्यंत अशी पेये विकू नयेत असा नियम २०२० पासून आहे. आपल्या गावातील शाळांसमोर टेप घेऊन एकदा पन्नास मीटर मोजून पाहावेत, पालकांना एका सकाळीत उरकेल असे काम आहे.

आणखी एक बाब आया आणि आज्यांनी नीट लक्षात ठेवावी. जुलाब लागलेल्या मुलाला द्यायचे क्षार-साखरेचे द्रावण, म्हणजे ओआरएस, हे औषध आहे. त्यात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, जास्त नाही. पण ओआरएस ही अक्षरे नावात घालून गोड पेये खोक्यांतून विकली जात होती, त्यांत साखर कित्येक पटींनी जास्त. जुलाबात इतकी साखर दिली तर पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे याविरुद्ध लढा दिला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाने पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. तरी औषधाच्या दुकानात मागताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी मागा आणि ती सांगितली तेवढ्याच पाण्यात घोळवा.

बाटली घेताना मागे 'दर १०० मिलिलिटर' हा रकाना शोधा. त्यातला साखरेचा आकडा बाटली जितकी शेकडा मिलिलिटरची असेल तितक्याने गुणा आणि पाचाने भागा. चमचे कळतील. २.५ च्या आत आकडा असेल तर बरे, दहाच्या वर असेल तर ते पेय सणावारापुरते. हाच हिशेब घरच्या पन्ह्यालाही लावा. गुळाचे झाले म्हणून ते पाण्यासारखे प्यायचे नसते. ताक, बिनसाखरेची सोलकढी, मीठ-लिंबू घातलेले पाणी यांना हिशेबच लागत नाही. आणि हो, थंड केल्याचे दोन रुपये छापील किमतीच्या वर मागणे बेकायदेशीर आहे. वैधमापन कार्यालयात तक्रार करता येते.

त्या मुलाच्या रक्ताचा अहवाल आला. मधुमेह अजून झालेला नाही, उंबरठ्यावर आहे. आंब्याचे पेय बंद, संध्याकाळी तासभर मैदान, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. वडिलांनी त्या दिवशी जाताना सांगितले, की ताकासाठी एक जुना फ्रीज विकत घेतो, माझा स्वतःचा. तो दुकानात दर्शनी ठेवायचा की आत, यावर नवरा-बायकोची चर्चा दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत चालू होती.